जुन्या कोरीव ग्लासांवरचा गुलाब वाचताना या चुका टाळा

ऑनलाइन लिलावाच्या पानावर एक उंच, सडपातळ वाइनचा ग्लास दिसतो. दांड्यात हवेच्या बारीक धाग्यांचा पीळ, वर पेल्यावर कोरलेला गुलाब, गुलाबाशेजारी एक-दोन कळ्या. वर्णनात लिहिलेलं असतं, 'जॅकोबाइट, सुमारे 1750'. त्याच घडणीचा, त्याच काळातला, पण साधा ग्लास तिथेच कितीतरी स्वस्तात मिळत असतो. वरचे पैसे गुलाबाच्या अर्थासाठी मागितले जातात. म्हणून तो अर्थ कुठे पक्का आहे आणि कुठे नुसता चिकटवलेला, हे कळायला हवं. लंडन-एडिनबरोत राहणाऱ्या, सुट्टीच्या दिवशी पुराणवस्तूंच्या बाजारात रमणाऱ्या मराठी वाचकांना याचा थेट उपयोग होईल. बाकीच्यांना निदान संग्रहालयातल्या काचेच्या कपाटापुढे उभं राहून नेमकं काय बघायचं, ते समजेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1688 साली इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला देश सोडावा लागला आणि त्याची मुलगी मेरी व जावई विल्यम गादीवर आले. 1714 मध्ये राणी अ‍ॅन वारली, तेव्हा स्टुअर्ट घराण्यातले जवळचे वारस कॅथलिक म्हणून डावलले गेले आणि जर्मनीतल्या हॅनोव्हरहून पहिल्या जॉर्जला आणलं गेलं. जेम्सचा मुलगा जेम्स फ्रान्सिस एडवर्ड आणि नातू चार्ल्स एडवर्ड हेच खरे धनी, असं मानणाऱ्यांना जॅकोबाइट म्हणत. त्यांनी 1715 मध्ये उठाव केला, 1745 मध्ये पुन्हा केला. दुसऱ्या खेपेला चार्ल्स स्कॉटलंडहून थेट डर्बीपर्यंत येऊन पोचला होता. तिथून तो माघारी फिरला आणि 16 एप्रिल 1746 रोजी कलोडनच्या माळावर त्याच्या सैन्याचा धुव्वा उडाला. यानंतर 'समुद्रापलीकडच्या राजा'च्या, म्हणजे परदेशात राहणाऱ्या स्टुअर्टाच्या नावाने उघडपणे पेला उचलणं म्हणजे राजद्रोह. ज्यांना तरीही तो उचलायचा होता, त्यांच्यासाठी हे कोरीव ग्लास घडले.

चित्रापासून सुरुवात करणं

ग्लास हातात आला की नजर आधी नक्षीकडे धावते. तिला आवरा. आधी काच बघा, मग कोरलेली रेघ बघा, चित्राचा अर्थ सगळ्यात शेवटी. पहिल्या दोन पायऱ्यांवरच ग्लास नापास झाला तर तिसरीवर जाण्याचं कारणच उरत नाही.

त्या काळातल्या चांगल्या इंग्रजी ग्लासांची काच शिशाची असते. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने 1674 मध्ये लंडनला नव्या प्रकारच्या पारदर्शक काचेचं पेटंट घेतलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत तीत शिशाचं ऑक्साइड घालायला सुरुवात केली. अशी काच दिसते त्याहून हाताला जड लागते. जुना ग्लास पांढऱ्या कागदावर ठेवला तर बहुधा करडी झाक दिसते. अंधारात अतिनील टॉर्च मारला तर शिशाची काच सहसा निळसर उजळते, सोड्याची हिरवट-पिवळसर. मात्र शिशाची काच आजही बनते. त्यामुळे निळसर उजेड दिसला म्हणून ग्लास जुना ठरत नाही. हिरवट दिसला तर मात्र 'अठराव्या शतकातला इंग्रजी' या दाव्याबद्दल विक्रेत्याला खडसावून विचारता येतं.

मग ग्लास उलटा करून पाया बघा. ज्या लोखंडी सळीवर धरून ग्लास पुरा करत, ती तोडून काढल्यावर पायाखाली खरखरीत वण राहतो. हा वण टेबलाला घासू नये म्हणून पाया मध्ये उंचावलेला असतो. पायाचा घेर सहसा पेल्याच्या तोंडाइतका किंवा त्याहून मोठा असतो. तो बराच लहान असेल तर टवके लपवण्यासाठी कड घासून टाकलेली असू शकते. काठाचंही तेच. कोरलेलं पान काठाशी विचित्रपणे कापल्यासारखं संपत असेल तर वरचा भाग घासला गेला आहे.

काळ ओळखायला दांडा सगळ्यात उपयोगी. 1745 च्या कायद्याने काच बनवण्याच्या मालावर वजनानुसार कर बसला आणि जड दांड्यांचे ग्लास आणखी मागे पडले. हवेच्या पिळाचे दांडे साधारण 1745 ते 1765 या काळातले, म्हणजे नेमके जॅकोबाइट ग्लासांच्या भरातले. अपारदर्शक पांढऱ्या धाग्यांचा पीळ साधारण 1755 नंतर येतो आणि 1780 पर्यंत चालतो. पैलू पाडलेले दांडे त्याच्याही पुढचे. आता राजकारण आठवा. 1759 मध्ये किबेरॉनच्या खाडीत फ्रेंच आरमाराचा पराभव झाला आणि फ्रान्सच्या मदतीची आशा मावळली. 1760 मध्ये इंग्लंडातच जन्मलेला तिसरा जॉर्ज गादीवर आला. 1766 मध्ये जेम्स फ्रान्सिस एडवर्ड रोममध्ये वारला, तेव्हा पोपनेही चार्ल्सला राजा म्हणून मान्यता दिली नाही. म्हणून पांढऱ्या पिळाच्या किंवा पैलूंच्या दांड्यावर नुसता गुलाब असेल तर मी त्याला फुलांची नक्षी समजतो. जॅकोबाइट म्हणवून घेण्यासाठी त्याच्याकडे आणखी काही पुरावा असावा लागतो.

ग्लास जुना म्हणून नक्षीही जुनी धरणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच आहे. ग्लास अस्सल 1750 चा, आणि त्यावरचा गुलाब दीडशे वर्षांनी कोरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा ग्लासांचे संग्राहक वाढले आणि साध्या जुन्या ग्लासावर चार फुलं कोरून किंमत वाढवण्याचा धंदाही वाढला. असं किती खोलवर झालं असेल, याची कल्पना डब्लिनच्या उदाहरणावरून येते. बोहेमियातून आलेला फ्रान्झ टीत्से (1842-1932) तिथे कोरीवकाम करत असे. राजा विल्यमची आणि आयरिश स्वयंसेवक पथकांची चिन्हं असलेले पुष्कळ ग्लास अठराव्या शतकातले म्हणून नावाजलेल्या संग्रहांत जाऊन बसले होते. ते टीत्सेच्या हातचे आहेत, हे पीटर फ्रान्सिस या अभ्यासकाने 1994 मध्ये दाखवून दिलं. जाणकारांनी वर्षानुवर्षं हाताळलेल्या वस्तू होत्या या.

तपासायला दहापट मोठं दाखवणारं भिंग, काळ्या कागदाचा तुकडा आणि बाजूने येणारा उजेड एवढं पुरतं. कागद गुंडाळून पेल्याच्या आत सरकवा. समोरून उजेड पडला की नक्षी नुसती पांढरी दिसते. बाजूने पडला की प्रत्येक खाचेचा उतार दिसतो. हे ग्लास बहुतेक वेळा तांब्याच्या छोट्या फिरत्या चाकावर, तेलात कालवलेली कुरुंदाची पूड लावून कोरलेले असतात. चाकाचा प्रत्येक स्पर्श म्हणजे एक उथळ, होडीच्या आकाराची खाच. अशा खाचा शेजारी शेजारी बसवून पाकळी होते.

आता त्या पाकळीच्या आत पाहा. जुन्या खाचेचा रंग मवाळ, करडा असतो आणि कडा किंचित निवलेल्या असतात. नव्या खाचेत कोरडी, पिठूळ पांढरी चमक असते, कडा धारदार असतात. रंगावर एकट्यावर विसंबू नका, कारण मळ भरून खाच म्हातारी करता येते आणि जुनी नक्षी घासून पुसून तरुणही करता येते. खरी साक्ष ओरखडे देतात. अडीचशे वर्षं वापरात, धुण्यात आणि फडताळात गेलेल्या पेल्यावर बारीक ओरखडे पडतातच, फुगीर भागावर जास्त. असा ओरखडा पाकळीच्या उथळ भागातही उतरून पुढे गेलेला दिसला तर पाकळी आधीची, ओरखडा नंतरचा. आजूबाजूला ओरखड्यांचं जाळं आणि पाकळीच्या उथळ भागातही एकही नाही, किंवा ओरखडा पाकळीच्या कडेशी स्वच्छ छाटला गेलेला, तर नक्षी नंतर आली आहे. खोल खाचेत मात्र ओरखडा पोचतच नाही, म्हणून उथळ जागाच शोधायची. पायाच्या खालच्या कडेवरची झीजही अशीच वाचावी. खऱ्या वापराचे ओरखडे वाट्टेल त्या दिशांना जातात. पॉलिश कागदावर घासून केलेले एका दिशेने किंवा गोल गोल जातात.

याच्या पुढची पायरी म्हणजे हात ओळखणं. जेफ्री सेडन या अभ्यासकाने शेकडो ग्लासांची छायाचित्रं ताडून चाकाने कोरणारे पाच मुख्य कारागीर वेगळे काढले. त्यांची नावं माहीत नाहीत, पण कुणी पाकळीची कड कशी दुमडतो, कुणी कळीचा देठ कसा वळवतो, यावरून ते ओळखता येतात. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट आणि ब्रिटिश म्युझियम या दोन्हींच्या संकेतस्थळांवर अशा ग्लासांची छायाचित्रं आहेत. विकत घ्यायच्या ग्लासावरचा गुलाब त्यांच्या शेजारी ठेवून बघण्यात घालवलेली एक संध्याकाळ विक्रेत्याच्या दहा आश्वासनांपेक्षा मोलाची असते.

प्रत्येक फुलात कट शोधणं

1740 च्या दशकात लंडनमध्ये फुलं कोरलेले ग्लास ही चालू फॅशन होती. जेरोम जॉन्सनसारखे दुकानदार त्यांची जाहिरात करत. घरात छान दिसतं म्हणून फूल हवं असणारी गिऱ्हाइकं तेव्हाही बहुसंख्य होती. काही नक्षी तर पेल्यात काय ओतायचं एवढंच सांगते. हॉप आणि बार्लीची कणसं म्हणजे एल या बिअरचा ग्लास, द्राक्षांचा वेल म्हणजे वाइनचा, सफरचंदाची फांदी म्हणजे सायडरचा. सायडरच्या ग्लासावर 'नो एक्साइज' (कर नको) असे शब्द असतील तर ते 1763 मध्ये सायडरवर बसलेल्या कराविरुद्ध आहेत. तो कर 1766 मध्ये उठला. स्टुअर्टांचा इथे काही संबंध नाही.

गोंधळ वाढतो तो संग्राहकांनी तयार केलेल्या 'छुप्या जॅकोबाइट' या वर्गामुळे. डॅफोडिल, कार्नेशन, हनीसकल, सूर्यफूल, फुलपाखरू यांपैकी काहीही दिसलं की ग्लास या वर्गात ढकलला जातो. फुलपाखराला तर 'कोषातून पुन्हा जन्मणारं घराणं' असा झकास अर्थ मिळाला आहे. पण हॉलंडच्या काचेवर आणि मातीच्या भांड्यांवर त्याच काळात रिकामी जागा भरायला किडे-फुलपाखरं सर्रास येत.

यातून वाट काढायला मी एक प्रश्न विचारतो. हे चिन्ह काचेबाहेर, त्याच लोकांच्या हातात, त्याच अर्थाने कुठे सापडतं का? गुलाबाच्या बाबतीत उत्तर ठाम 'हो' आहे. 10 जून हा जेम्स फ्रान्सिस एडवर्डचा जन्मदिवस. त्या दिवशी त्याचे समर्थक पांढरा गुलाब लावून फिरत. ओकचंही तसंच. वूस्टरच्या लढाईनंतर 1651 मध्ये स्टुअर्ट घराण्यातलाच राजा दुसरा चार्ल्स बॉस्कोबेलच्या ओक वृक्षात लपून वाचला, पुढे 29 मे हा त्याच्या पुनरागमनाचा दिवस ओकच्या डहाळ्या लावून साजरा होऊ लागला, आणि 1750 च्या जॅकोबाइट पदकावर वाळलेल्या ओकशेजारी नवा कोंब फुटलेला दाखवला आहे. तेच चित्र ग्लासावर आलं तर शंकेला फारशी जागा नाही. थिसल हे काटेरी फूल म्हणजे स्कॉटलंड, हे तर सगळेच जाणतात. पण नुसता थिसल राजनिष्ठ हॅनोव्हरवाल्या स्कॉटिश माणसाच्या टेबलावरही शोभला असता. डॅफोडिल आणि सूर्यफुलाची बाजू या कसोटीवर फार लंगडी पडते. गुलाब आणि 'फिआट' (तसं होवो) हा लॅटिन शब्द यांच्या जोडीला डॅफोडिल असेल तर त्या दोघांच्या आधाराने तिला अर्थ मिळू शकतो, एकटीला नाही.

कळ्यांचा हिशेब मांडून बसणं

मोठा गुलाब म्हणजे इंग्लंडचा मुकुट, कळ्या म्हणजे जेम्स आणि चार्ल्स. नाही, गुलाब म्हणजे जेम्स, कळ्या म्हणजे त्याचे दोन मुलगे चार्ल्स आणि हेन्री. हेन्री 1747 मध्ये कार्डिनल झाला, वारसाच्या दृष्टीने बाद झाला, म्हणून त्यानंतर एकच कळी. ही सगळी स्पष्टीकरणं विक्रेत्यांच्या वर्णनांत तितक्याच ठामपणे येतात, आणि सगळी एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. हेन्रीवाल्या गोष्टीत तर कालगणनेचा धोका आहे. कळ्या मोजून कुणी तुम्हाला 'हा 1747 नंतरचाच' म्हणून सांगत असेल तर पुन्हा दांड्याकडे वळा. तारीख दांडा सांगतो, कळी नाही.

ही किल्ली लावली ती मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला, संग्राहकांनी. ते ग्लास ज्यांनी कोरले किंवा त्यातून प्यायले, त्यांनी कळ्यांचा अर्थ लिहून ठेवलेला नाही. माणसं छुपी खूण वापरतात तेव्हा तिचा खुलासा कागदावर ठेवत नाहीत, हे स्वाभाविकच आहे. गुलाब जॅकोबाइट आहे एवढं म्हणणं टिकतं. कोणती कळी कुणाची, ही पुढची पायरी आहे, आणि तिथे 'असावी', 'मानलं जातं' असेच शब्द वापरणं प्रामाणिकपणाचं. वर्णन लिहिणारा हे शब्द वापरतो की नाही, यावरून त्याची पारखही करता येते.

दुसऱ्याच पक्षाची खूण आपली समजणं

पेल्यावर 45 हा आकडा दिसला की 1745 आठवतं. पण 1763 मध्ये जॉन विल्क्सच्या 'नॉर्थ ब्रिटन' या पत्राचा 45 वा अंक गाजला, त्याला अटक झाली, आणि 45 हा आकडा 'विल्क्स आणि स्वातंत्र्य' या घोषणेबरोबर लंडनच्या भिंतींवर झळकू लागला. विल्क्स तर स्कॉटिश मंत्र्यांचा कडवा विरोधक. आकड्यासोबत पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी किंवा 'लिबर्टी' हा शब्द असेल तर ग्लास त्याच्या बाजूचा.

घोड्यांचंही असंच. स्वार नसलेला, दौडणारा घोडा हे हॅनोव्हर घराण्याचं चिन्ह. घोड्यावर स्वार असेल तर तो बहुधा 1690 च्या बॉइनच्या लढाईतला तिसरा विल्यम, म्हणजे दुसऱ्या जेम्सच्या जागी आलेला तोच जावई, आणि संत्र्याचं झाडही त्याच्याच ऑरेंज घराण्याचं. ही दोन्ही जॅकोबाइटांच्या शत्रूंची चिन्हं आहेत. वर्गवारीत ती एकाच शीर्षकाखाली टाकलेली मी पाहिली आहेत.

लॅटिन शब्द न वाचणं, किंवा फार काटेकोरपणे वाचणं

चित्रापेक्षा शब्द पक्का. 'फिआट' म्हणजे 'तसं होवो'. हा शब्द वेल्समधल्या रेक्सम परिसरातल्या सायकल क्लब या जॅकोबाइट मंडळाशी जोडला जातो. 'रेडेआट' म्हणजे 'तो परत येवो'. कोण, ते सांगायची गरज नव्हती. गुलाबाबरोबर यातला एखादा शब्द अस्सल, जुन्या हाताने कोरलेला असेल तर तुमच्यापुढे जॅकोबाइट ग्लास आहे, असं म्हणायला हरकत नाही.

काही खरेदीदार स्पेलिंग चुकलं की ग्लास बनावट ठरवतात. ही घाई आहे. ओकच्या कोंबाबरोबर येणारा 'पुन्हा पालवी फुटते' या अर्थाचा शब्द 1750 च्या पदकावर 'रेव्हिरेसिट' असा शुद्ध आहे, पण अस्सल मानलेल्या ग्लासांवर तो 'रेव्हेरेसिट' असाही कोरलेला आढळतो. कारागीर लॅटिन पंडित नव्हते. शुद्धलेखनाने अस्सलपणा ठरत नाही, रेघेनेच ठरतो.

सगळ्यात नि:संदिग्ध ग्लास म्हणजे 'आमेन' ग्लास. यांवर चाक नसून हिरकणीच्या टोकाने कोरलेलं काम असतं. मुकुट, जेम्सची गुंफलेली आद्याक्षरं, त्यात 8 चा आकडा, कारण स्कॉटलंडच्या गणतीत तो आठवा जेम्स; खाली 'देव राजाला राखो' या प्रार्थनागीताची जॅकोबाइट कडवी आणि शेवटी 'आमेन'. असे ग्लास चाळीसच्या आसपासच माहीत आहेत. ते कोरणारा म्हणून सेडन यांनी रॉबर्ट स्ट्रेंज (1721-1792) या ताम्रपट कोरणाऱ्या जॅकोबाइट कलावंताचं नाव सुचवलं आहे. तो कलोडनला चार्ल्सच्या बाजूने लढला आणि पुढे 1787 मध्ये तिसऱ्या जॉर्जकडून 'सर' झाला. बाजारातल्या टेबलावर स्वस्तात 'आमेन' ग्लास दिसला तर तो सोडून पुढे चला.

घराण्याच्या गोष्टीला पुरावा समजणं, आणि धुताना हयगय

'आमच्या पणजोबांनी याच ग्लासातून पाण्याच्या वाडग्यावरून राजाला शुभेच्छा दिली' (म्हणजे 'समुद्रापलीकडच्या' राजाला) अशा गोष्टी जवळजवळ प्रत्येक ग्लासाबरोबर येतात. जुनं पत्र, मृत्युपत्रातली यादी, जुन्या लिलावाच्या सूचीतलं छायाचित्र असेल तर त्याची प्रत मागा. तोंडी गोष्टीला किंमत देऊ नका.

घरी आणलेला ग्लास डिशवॉशरमध्ये कधीच घालू नका. उष्णता आणि क्षार काचेचा पृष्ठभाग खाऊन कायमचा धुरकट करतात. प्लास्टिकच्या टबात जाड टॉवेल अंथरून, कोमट पाणी आणि सौम्य साबणाचे दोन थेंब घेऊन एकेक ग्लास धुवा. पुसताना एका हाताने पाया आणि दुसऱ्याने पेला धरून पिळला की दांडा तुटतो, म्हणून पेला पुसताना पेल्यालाच आधार द्या. खाचेतला मळ मऊ ब्रशने जेवढा सुटेल तेवढाच काढा. आधी छायाचित्रं काढून ठेवा, कारण त्या मळाचा रंग पुढे एखाद्या जाणकाराला नक्षीचं वय ठरवायला उपयोगी पडू शकतो. आणि त्यातून वाइन पिऊ नका किंवा ती त्यात भरून ठेवू नका. काचेतलं शिसं आंबट पेयात उतरतं.